हशा क्रमांक तीन

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळली. रेडिओच्या जुन्या आठवणी सांगा म्हणून लोक बोलावतात, तेव्हा माझ्या चार गोष्टी ठरलेल्या आहेत. गवयाला ऐन समेवर शिंक आली ती एक, बातम्या वाचताना निवेदकाची खुर्ची मोडली आणि त्यांनी उरलेल्या बातम्या जमिनीवर बसून वाचल्या ती दुसरी, आणि अशाच आणखी दोन. लोक हसतात, शाल देतात, मी घरी येतो. या अंकाच्या संपादकबाईंनीही तसलंच काही मागितलं होतं. "हलकंफुलकं द्या, दिवाळी आहे," म्हणाल्या. मी बरं म्हणालो, कागद घेऊन बसलो, आणि हे आलं. माझं वय आता असं आहे की आलेलं परत पाठवू नये.

पानशेतच्या पुरानंतरची गोष्ट आहे. आपली फौज तेव्हा काँगोत होती. नाव शांतता राखण्याचं होतं, गोळ्या मात्र खऱ्या झडत होत्या. त्या फौजेत पुण्याचीही बरीच माणसं होती. धरण फुटून पुणं वाहून गेलं, एवढीच बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. पत्रं पोचायला आठवडे लागायचे. तेव्हा आमच्या केंद्राकडे विचारणा झाली: घरच्यांचे आवाज मुद्रित करून पाठवता येतील का? त्यातून 'ख्यालीखुशाली' हा कार्यक्रम सुरू झाला. अर्ध्या तासाची टेप. निम्मा वेळ घरच्यांचे निरोप, मग दोन गाणी, आणि शेवटी नानांचं प्रहसन. दर पंधरवड्याला एक टेप विमानाने जायची आणि तिकडे छावणीत कर्ण्यावर वाजायची. पुण्यात हा कार्यक्रम कधीच ऐकू आला नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाना शनिवार पेठेत राहायचे. दिवसा एका शाळेत चित्रकला शिकवायचे, सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे यायचे. चाळिशीचे, विधुर, अंगात कायम पांढरा सदरा आणि त्यावर कुठे ना कुठे रंगाचा डाग. त्यांचं आडनाव मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि त्यांच्याचसाठी मी हे लिहितो आहे. प्रहसनात ते 'हवालदार ढेकणे' व्हायचे. रात्रीच्या पहाऱ्यावर स्वतःच्या सावलीला 'थांब, कोण आहे?' विचारणारा आणि उत्तर आलं नाही म्हणून तिला चहा देणारा हा हवालदार छावणीत फार लाडका होता. तशी पत्रं यायची.

मी ध्वनिमुद्रणाला होतो, हंगामी. माझं काम मुद्रित टेप कापणं आणि जोडणं. आता हे काम संगणकाच्या पडद्यावर होतं. तेव्हा हातात दाढीचं ब्लेड असायचं. टेप हाताने मागेपुढे फिरवून शब्द नेमका कुठे सुरू होतो ते कानाने शोधायचं, तिथे पेन्सिलीने पिवळी खूण करायची, तिरका छेद द्यायचा, आणि दोन टोकं मागून चिकटपट्टीने सांधायची. छेद तिरका अशासाठी की सांधा कानाला बोचू नये. खोकला, अडखळणं, 'हे बघा' आणि 'म्हणजे' असं सगळं दिवसभर खाली टोपलीत पडत राहायचं.

आमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणत असू. साहेबांचं म्हणणं होतं की एकटा माणूस विनोदाला हसत नाही, शेजारी कुणी हसलं की हसतो. म्हणून प्रहसनाला हशा पाहिजे. आता आमचा स्टुडिओ दहा माणसांचा. पहिल्यांदा आम्ही कचेरीतलीच माणसं गोळा करून बसवली. नानांनी जीव तोडून हवालदार ढेकणे केला. मंडळींनी माना डोलावल्या. लेखनिक म्हणाले, "वा. बरं आहे." पुणेकर विनोद मान्य करतो, हसत नाही.

मग मी मशीन घेऊन एका नाटकाच्या प्रयोगाला बसलो आणि नाट्यगृहातला हशा आणला. त्याच्या दोन डब्या केल्या. हशा क्रमांक एक म्हणजे खसखस, क्रमांक दोन म्हणजे गडगडाट. पण तो नानांच्या वाक्यामागे लावला की पत्र्यावर खडे पडल्यासारखा वाजायचा. का, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. गर्दी एकदम हसत नाही. कुणीतरी एक जण आधी हसतो, वाक्य पुरतं संपायच्याही आधी, आणि बाकीचे त्याच्यामागून येतात. हशाला म्होरक्या लागतो. माझ्या टेपवर म्होरक्या नव्हता.

तो मला एका रविवारी सकाळी मिळाला. निरोपांचा दिवस होता. कसब्यातल्या तांबट आळीतून गोदूबाई नावाच्या एक बाई आल्या होत्या, बरोबर त्यांची सून इंदू. गोदूबाईंचा मुलगा दत्तू फौजेच्या वर्कशॉपात पत्र्याचं काम करायचा. पिढीजात तांबट, हातोडा सोडून फौजेत गेला तर तिथेही हातोडाच मिळाला. निरोप देणाऱ्यांची भीड मोडायला नाना नेहमी जवळ बसायचे. गोदूबाईंनी माईक बघितला, पदर खोचला, आणि एवढ्या जोरात "दत्तूऽऽ!" केलं की माझ्या मशीनचा काटा लाल रेघेपलीकडे जाऊन आपटला.

नाना हात जोडून म्हणाले, "बाई, हळू. काँगोला इथूनच ऐकू गेलं तर सरकार आमचं विमान बंद करेल."

इंदू हसली. आधी एक बारीक उचकी, मग दोन पायऱ्या चढल्यासारखा आवाज वर, आणि तिथून जे घरंगळत खाली आलं ते थांबेचना. पूर ओसरल्यापासून महिनाभर त्या घरात चिखल उपसला जात होता. ते सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं असावं. काचेच्या अलीकडे मी हसलो, माझा वरिष्ठ हसला, नाना स्वतः हसले. शेवटी गोदूबाईच म्हणाल्या, "पुरे गं इंदे, दात मोजून झाले सगळ्यांचे!"

मशीन चालूच होतं.

निरोपाच्या टेपमधला शब्दही दुसरीकडे वापरायचा नाही, असा आमच्याकडे लेखी नियम होता. घरच्यांचा आवाज ही घरच्यांची वस्तू. तो नियम मला पाठ होता. तरी मी ते हसणं कापलं, शेवटचं गोदूबाईंचं वाक्य वेगळं काढून ठेवलं, आणि नाट्यगृहातल्या गर्दीपुढे इंदूचं हसू सांधलं. काय सांगू, हशा जिवंत झाला! डबीवर लिहिलं: हशा क्रमांक तीन. साहेब खूष झाले. कुठून आणला, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. नाना तर आपला भाग मुद्रित करून घरी जायचे, जोडलेली टेप त्यांनी कधी ऐकलीच नाही. आणि वर्षभर दर पंधरवड्याला, "आज समोर बसलेल्या रसिकांच्या साक्षीने" अशी सुरुवात करून, आम्ही इंदूला हवालदार ढेकण्याच्या विनोदावर हसवून काँगोला पाठवत राहिलो.

एका सकाळी गोदूबाई एकट्याच केंद्रावर आल्या. मी टेप कापत होतो, साहेबांच्या खोलीतून आवाज आला म्हणून तसाच दारात जाऊन उभा राहिलो. नाना आत होते. गोदूबाईंच्या हातात आंतरदेशीय पत्र होतं आणि त्या बसायला तयार नव्हत्या.

"मला एवढंच सांगा मास्तर," त्या म्हणाल्या, "माझी सून तुमच्याकडे येते का?"

"एकदा आली. तुमच्याबरोबर."

"मलाही तेवढंच ठाऊक. पण दत्तू लिहितो की दर पंधरा दिवसांनी ती इथे येऊन तुमच्या चेष्टेला हसते. त्याच्या तंबूतले लोक त्याला चिडवतात. बायकोचं हसणं नवऱ्याला कळत नाही का?"

"बाई, ती इथे येत नाही."

"ती शनिवार पेठेत शिवणक्लासला जाते. आठवड्यातून दोनदा. तुमचं घर कुठे आहे?"

नानांनी सदऱ्यावरचा रंगाचा डाग चाचपला. मग हळूच म्हणाले, "शनिवार पेठेत."

गोदूबाईंनी पत्राची घडी केली. "क्लास मी कालपासून बंद केलाय. तिला माहेरी धाडते आहे. दत्तू आल्यावर काय ते बघेल."

साहेबांनी विचारलं, "नाना, हसणारी माणसं नेमकी कोण असतात?" खरं तर साहेबांना ठाऊक होतं की माणसं नसतात, डबी असते. पण वर लेखी कळवलं होतं की कार्यक्रम प्रेक्षकांसमोर होतो. त्यामुळे विचारायचं म्हणून विचारलं. आणि त्या क्षणी नानांना उमगलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या एका हातात ब्लेड होतं आणि दुसऱ्या हातात टेपचा तुकडा.

नानांनी माझं नाव घेतलं नाही. नुसते बघत राहिले. मी तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत सगळं मिटलं असतं. पण नोकरी हंगामी होती, कायम होण्याची यादी साहेबांच्या टेबलावर होती, आणि नियम मीच मोडला होता. मी पायाकडे बघितलं.

"माझं म्हणणं एवढंच," नाना शेवटी म्हणाले, "तुमची सून एकदाच आली होती. तिला काही बोलू नका."

गोदूबाई गेल्या. साहेबांनी नानांना "काही दिवस विश्रांती घ्या" असं सांगितलं. आमच्याकडे या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. जिन्यात मी नानांना गाठलं. वाटलं, आता तरी बोलावं. ते चपला घालत होते.

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो रे," ते म्हणाले. "एवढा मोठा पॉज मी स्टेजवरसुद्धा कधी घेतला नव्हता."

आणि छत्री उचलून निघाले.

पुढचे आठ दिवस मी काय काम केलं ते आठवत नाही. तोंडाने बोलायचं धाडस नव्हतंच. पण टेप कापणाऱ्याला आणखी एक भाषा येते, तिच्यात मी बोललो. नानांचं एक प्रहसन आधीच मुद्रित झालेलं होतं. वाया जाऊ नये म्हणून साहेबांनी ते शेवटचं जाऊ दिलं. मी त्यात तीन ठिकाणी हशा क्रमांक तीन लावला, आणि कापून ठेवलेली शेपटी तिन्ही वेळा परत जोडली. हवालदार सावलीला चहा देतो, इंदू हसते, आणि गोदूबाई म्हणतात, "पुरे गं इंदे, दात मोजून झाले सगळ्यांचे!" दोन मिनिटांनी पुन्हा तेच हसू, तेच वाक्य, तोच श्वास. मग तिसऱ्यांदा. मनात म्हटलं, हा तांबटाचा मुलगा आहे. एकाच हातोड्याचा घाव तीनदा वाजला तर याला कळेल. हे एकच हसणं आहे, आणि शेजारी त्याची आई बसलेली आहे.

साहेबांनी टेप ऐकून विचारलं, "ही म्हातारी कोण?"

"प्रेक्षकांतली कुणीतरी," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि सही केली.

टेप गेली. उत्तर आलं नाही. पुढे उत्तर सीमेवर लढाई पेटली, काँगोतली फौज परतायला लागली, 'ख्यालीखुशाली' बंद झाला. मी कायम झालो. पुढे ध्वनिमुद्रणात माझं बरं नाव झालं. सांधा ऐकू येत नाही, असं लोक म्हणायचे.

नानांना माझ्या काळात पुन्हा कधी बोलावणं गेलं नाही. गणेशोत्सवात, स्नेहसंमेलनात ते हवालदार ढेकणे करायचे, पण पेठेत कुजबुज होतीच. 'रेडिओवरून काढलं म्हणे. कोणा बाईचं काहीतरी होतं.' पुण्यात असली गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही, आणि विसरतही नाही. त्यांच्या नातवंडांच्याही कानावर ते गेलं, हे मला माहीत आहे. मी नानांकडे जायचो. दर दिवाळीला जायचो. दर वेळी ठरवून जायचो आणि फराळ करून यायचो. ते कधी त्या विषयावर आले नाहीत. बोलायची वेळ आली असं वाटलं की नेमका तेव्हाच ते काहीतरी विनोद करायचे. तो योगायोग होता की मला वाचवणं होतं, मला ठरवता आलं नाही.

शेवटी त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यात गेलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, "नाना, त्या दिवशी साहेबांच्या खोलीत मी..."

त्यांनी हात वर केला. "अरे, आत्ता हसवू नकोस. टाके आहेत."

मी हसलो. तेही हसले आणि कळवळले. मी म्हटलं, उद्या बोलू. नाना परत घरी आलेच नाहीत.

एवढ्यावर गोष्ट राहिली असती तर मी ती बरोबर घेऊनच गेलो असतो. पण सहा-सात वर्षांपूर्वी घरातला जुना, गळायला लागलेला तांब्याचा बंब डाग लावायला तांबट आळीत नेला. ठोके ऐकून राहवेना, दत्तूची चौकशी केली. "दत्तोबा? ते बिबवेवाडीला असतात, मुलाकडे. बाई पण आहेत," कारागीर म्हणाला. 'बाई पण आहेत' हे ऐकून मी तिथेच ओट्यावर बसलो. एवढी वर्षं मी त्या संसाराचं काय काय झालं असेल याची चित्रं रंगवत होतो. एकाही चित्रात दोघं एका घरात नव्हती.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून बिबवेवाडीला गेलो. दत्तोबांना जन्मभराच्या ठोक्यांनी कमी ऐकू येत होतं. इंदूबाई त्यांच्या कानाशी ओरडून बोलायच्या, अगदी गोदूबाईंसारख्या. मी पाणीही न पिता सगळं सांगून टाकलं. हसणं कुणी चोरलं, कुणी सांधलं, दारात कोण उभं होतं. इंदूबाई ऐकत होत्या. मग त्यांनी नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. "अहो! ते टेपवाले! 'पुरे गं इंदे' वाले!"

दत्तोबा खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे तुम्ही होय! अहो, पहिल्यांदा वाजलं तेव्हा माझा जळफळाट झाला. दुसऱ्यांदा आईचा आवाज ऐकला. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा हातातलं ताट खाली ठेवलं. म्हटलं, हा तर साचा आहे! एकाच साच्यातून काढलेला माल आहे! त्याच दिवशी घरी पत्र टाकलं."

"आणि मला माहेरून आणायला कोण आलं?" इंदूबाई म्हणाल्या. "सासूबाई स्वतः. बस लागते तरी आल्या. वाटभर ओकत होत्या आणि मध्येच मला 'चुकलं गं' म्हणत होत्या."

"छावणीत तर महिनाभर तेच," दत्तोबा म्हणाले. "कुणी जास्त बोललं की 'पुरे गं इंदे'. आमचे पंजाबी सुभेदार परेडवर म्हणायला लागले!"

इंदूबाई हसल्या. आधी बारीक उचकी, मग दोन पायऱ्या वर. पन्नासहून अधिक वर्षांनी तोच हशा, फक्त किंचित खरखर आलेली. माझा हात मांडीवर नकळत मशीनचं बटण शोधायला लागला. किती हलकं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. मी रडलो असेन. चहा खारट लागला एवढं आठवतं.

सगळंच भरून आलं असं नाही. "शिवणक्लास मात्र राहिला तो राहिलाच," त्या म्हणाल्या. "आणि सासूबाई होत्या तोवर मी तोंडाला पदर लावूनच हसले. सवय लागली होती." मी माफी मागायला हात जोडले. त्यांनी ते हात खाली केले. "आमचं निस्तरलं हो. तुम्हीच निस्तरलंत. पण ते मास्तर? त्या दिवशी त्यांनी माझी बाजू घेतली, सासूबाईंनी सांगितलं होतं मला. त्यांना तुमच्यामुळे जावं लागलं ना? त्यांची माफी मागितलीत?"

मी म्हणालो, "हो."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि चिवड्याची बशी पुढे केली.

इंदूबाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. हा अंक तुमच्याकडे येतो हे मला ठाऊक आहे, म्हणून इथेच सांगतो. आणि नानांच्या घरच्यांनो, तुमच्या आजोबांच्या गोष्टीत कुणी बाई नव्हती. एक डबी होती, तिच्यावरचं अक्षर माझं होतं. पेठेत कुणी अजून तसं म्हणत असेल तर त्याला हे पान दाखवा.

राहिले नाना. तुम्ही वाट बघत होतात तेव्हा म्हणायचं होतं ते इतकंच होतं: साहेब, हशा मी कापला, मी जोडला, नानांचा यात काही संबंध नाही. पॉज फार लांबला, नाना. मला माफ करा.